नळावरचा टायमर: मालक दुबईत, लॉन फोंड्यात

घरातली माणसं आखातात नाहीतर लंडनला आणि गावच्या घरापुढे पन्नासेक चौरस मीटरचं लॉन, हे चित्र गोव्यात नवं नाही. नोव्हेंबर ते मे त्याला पाणी कोण घालणार? या प्रश्नावर तोडगा म्हणून नळाला लावायचा, ठरल्या वेळी पाणी सोडणारा आणि बंद करणारा, सेलवर चालणारा टायमर विकला जातो. किंमत साधारण दोन ते चार हजार. वस्तू कामाची आहे, पण बरेचसे टायमर जोराच्या नळपाण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे बागेचा नळ बहुधा छपरावरच्या टाकीवर असतो. तक्रारींचं मूळ तिथेच.

टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो (बार हे दाबाचं माप). बैठ्या घराच्या टाकीची उंची चार-पाच मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा बार. स्वस्त टायमरांत बहुधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडमीट होणारी झडप असते. तिचा रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने हलतो, आणि त्याला अर्धा ते एक बार किमान लागतो. दाब कमी पडला की तो अर्धवट उघडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुरता बंद होत नाही. रात्रभर धार चालू, सकाळी टाकी रिकामी. दुसरा प्रकार बॉल व्हॉल्व्हचा. त्यात छोटी मोटर आरपार भोक असलेला गोळा फिरवते, दाब शून्य असला तरी चालतं. खोक्यावर किमान दाब ‘० बार’ लिहिलेला असेल तरच टाकीवरच्या नळासाठी घ्या. मोटरमुळे सेल थोडे लवकर संपतात, ते परवडलं.

विकत घेतल्यावर दोन चाचण्या करायच्या. उतरत आलेले सेल घालून पाणी चालू करून पाहा. काही टायमर तसेच उघडे राहतात, काही मात्र सेल उतरत आले की आधी व्हॉल्व्ह मिटवतात. दुसऱ्या जातीचाच ठेवा. मग बंद केलेल्या टायमरखाली तासभर बादली ठेवा. तळ ओला झाला तर परत करा. सेल अल्कलाइनच. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळे तो भरलेला असतानाही काही टायमर ‘सेल कमी’ दाखवतात. समुद्राजवळच्या घरात सेलच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. पट्ट्यांना बोटाने पातळशी पेट्रोलियम जेली लावली की तो बराच थोपतो.

जोडणीत घाई नको. आपला बागेचा नळ बहुधा अर्धा इंची, टायमरचे आटे पाऊण इंची. नळाच्या तोंडावर क्लिप आवळून टायमर लोंबकळत ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग. नळ काढून तिथे हाताचा बॉल व्हॉल्व्ह, पुढे पितळी अर्धा-बाय-पाऊण निपल (दोन मापांचे आटे जोडणारा तुकडा), आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, आणि मग टायमर हातानेच घट्ट. पान्याने आवळला तर प्लास्टिकचा आटा चिरतो. टायमरच्या तोंडातली जाळी महिन्याला धुवायला हवी. टाकीतला तांबडा गाळ तिथे साचतो आणि दोष मात्र टायमरला मिळतो.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एप्रिलच्या उन्हात रोज ५ मिलिमीटर धरले तर ५० चौरस मीटरला २५० लिटर. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल तर टायमर २५ मिनिटांवर लावायचा, पहाटे पाचला. १००० लिटरची टाकी अशाने चार दिवसांत संपते, आणि पंप सुरू करायला घरात कोणी नाही! टाकी आपोआप भरण्याची सोय, म्हणजे नळपाणी वर चढत असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह (तरंगत्या गोळ्याची झडप), नाहीतर पाण्याची पातळी बघून पंप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर, नसेल तर टायमरवर पैसे घालूच नका. फिरता स्प्रिंकलरही विसरा. अर्ध्या बारवर तो फिरत नाही, एका जागी डबकं करतो. झिरपता पाइप एकेक फुटावर पसरवून, लॉनचे दोन भाग करून पाणी द्या.

मोबाइलवाल्या टायमरांबद्दल. ब्लूटूथवाला दहा-पंधरा मीटरच्या आतच बोलतो; दुबईतून त्याचा काडीचा उपयोग नाही. वायफायवाल्याला घरात राउटर, वीज आणि बहुधा हब, म्हणजे टायमर राउटरला जोडणारी डबी, लागते. शिवाय काही ॲप फोनची वेळ धरतात. दुबईतल्या फोनवर पहाटे पाच म्हणजे गोव्यात साडेसहा, एवढं चालून जाईल. लंडनचे हिवाळ्यातले पाच म्हणजे इथले साडेदहा, भर उन्हात पाणी. ॲपमध्ये भारताची वेळ निवडता येते का ते आधी बघा. आमचं मत विचाराल तर साधा, बटणांचा, बॉल व्हॉल्व्हवाला टायमर आणि महिन्यातून एकदा डोकावणारा शेजारी, हीच जोडी जास्त टिकते.

कापणी टायमर करत नाही, हे सांगावं लागतं. माडाखाली रुंद पानाचं गवत तग धरतं, बारीक पानाच्या मेक्सिकन गवताला ऊन हवं. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये. गड्याला ब्रश कटर (खांद्याला अडकवायचं, फिरत्या पात्याचं यंत्र) दिला की तो मुळापर्यंत खरवडतो आणि मातीचे टक्कल पडते. ढकलायचं मशीन घेऊन ठेवलेलं बरं. पडलेली झावळी आठवडाभर तशीच राहिली तर खालचं गवत पिवळं पडतं.

जूनमध्ये पाऊस धरला की टायमर काढून कोरड्या जागी ठेवायचा. सेल काढण्याआधी गोळा उघडा करून घ्या. बंद गोळ्यात गाळ सुकला तर नोव्हेंबरात मोटर नुसती घरघरते.