बांधाच्या पोटात काय भरले होते

आमच्या जमिनीतून वाहणाऱ्या लहानशा ओढ्यावर मातीचा बांध घालावा आणि त्यामागे पक्षी, बेडूक, चतुर यांच्यासाठी एक तळे करावे, ही माझी आणि माझ्या धाकट्या बहिणीची जुनी इच्छा होती. ती पुरी झाली, तळे एक हंगाम टिकले आणि मग तो बांध आम्हालाच फोडावा लागला. कंत्राटदाराने आम्हाला फसवले, हे खरेच आहे. परंतु आम्हाला फसवणे त्याला इतके सोपे गेले ते पैसे देण्याची जी पद्धत आम्ही आनंदाने मान्य केली होती तिच्यामुळे, आणि हा अनुभव लिहिण्याचे कारण मुख्यतः ती पद्धत आहे.

बांध ४ मीटर उंच व्हायचा होता. करारात हप्ते उंचीला जोडलेले होते: एक मीटर भराव झाला की एक हप्ता, दुसरा मीटर झाला की दुसरा. कागदावर ही व्यवस्था अत्यंत न्याय्य दिसते, कारण उंची कोणालाही टेप लावून मोजता येते. मातीच्या बांधात पाणी अडते ते मात्र वेगळ्याच गोष्टींमुळे. मधोमध चिकणमातीचा गाभा असावा लागतो. त्या गाभ्याखाली सैल, पाझरणारी जमीन ओलांडून घट्ट थरात शिरेल इतका खोल चर खणून तोही चिकणमातीने भरावा लागतो. भरावाची माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत पसरून, बेताची ओल देऊन, प्रत्येक थराची रोलरने दबाई करावी लागते. यातले एकूण एक काम दुसऱ्या दिवशीच्या मातीखाली गडप होते. आम्ही पैसे मोजले ते वर दिसणाऱ्या मातीचे.

पहिल्या भेटीत कंत्राटदाराने खिशातून मातीचा गोळा काढला, पाण्याने भिजवला आणि दोन तळव्यांत वळून त्याची आगकाडीसारखी बारीक वळी केली. ती तुटली नाही. "साहेब, ही माती पाण्याला वाटच देणार नाही," असे तो म्हणाला आणि आम्ही भारावून गेलो. नमुना अस्सल चिकणमातीचा होता, यात शंका नाही. फक्त तो आमच्या कामाच्या खाणीतला नव्हता. पुढे बांध फोडल्यावर गाभ्यातली मूठभर माती मी काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळली, तेव्हा मिनिटभरात निम्म्याहून अधिक माती वाळू होऊन तळाशी बसली. चांगल्या चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते. ही बरणीची परीक्षा कामाच्या आधी करायला मला कोणी अडवले नव्हते.

चराचे काम त्याने आम्ही बाहेरगावी असताना उरकले आणि टेप लावलेली तीन छायाचित्रे पाठवली. तीनही छायाचित्रांत चराच्या भिंतीतून एकच तुटके मूळ बाहेर आलेले दिसते. म्हणजे खोल खड्डा एकच होता आणि छायाचित्रे तीन बाजूंनी काढलेली होती. उरलेल्या लांबीत वरवर ओरखडून माती लोटली होती. हे मूळ माझ्या बहिणीने दाखवले, तेही वर्षभराने.

दबाईचा अहवाल तर मी फाईलमध्ये कौतुकाने लावला होता. त्यात २० थरांच्या घनतेचे आणि ओलाव्याचे आकडे होते आणि सगळ्या थरांतला ओलावा दशांशापर्यंत सारखा होता. प्रत्यक्ष मातीत असे कधी होत नाही. शिवाय माझ्याच वहीत भरावाचे दिवस पाच नोंदलेले आहेत. एवढ्या दिवसांत त्यांनी जवळजवळ मीटरभर जाडीचे ढीग ओतले आणि त्यावरून बुलडोझर फिरवला. बुलडोझरचे रुंद पट्टे यंत्राचे वजन पसरवण्यासाठीच असतात, त्यामुळे एवढ्या जाड थराचा वरचा पापुद्रा तेवढा दबतो आणि खाली माती भुसभुशीत राहते. रोलर कामावर आला होता, पण तो कडेला उभा राहिला आणि तसाच परत गेला. यंत्र उभे दिसले की काम चालू आहे असे आपण धरून चालतो.

पहिल्या पावसात तळे भरले आणि काही महिने आम्ही अतिशय सुखात होतो. उथळ काठावर पाणवनस्पती आल्या, टाचण्या (चतुरांसारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) आणि चतुर आले, आणि टिबुकलीच्या एका जोडीने पाणगवतात तरंगते घरटे बांधले. घरट्यावरून उतरताना ती ओल्या शेवाळाने अंडी झाकून जात असे, त्यामुळे मूळची पांढरी अंडी दिवसागणिक तपकिरी होत गेली.

त्याच सुमारास बांधाच्या तळ्याविरुद्धच्या, कोरड्या बाजूला, पायथ्याशी, गवताचा एक पट्टा इतर गवतापेक्षा हिरवा दिसू लागला. कंत्राटदार म्हणाला, "थोडा पाझर तर असणारच." त्याचे हे विधान चूक नव्हते; मातीचा प्रत्येक बांध थोडाफार पाझरतो आणि स्वच्छ, एकाच मापाने येणारा पाझर चालूनही जातो. काही दिवसांनी मात्र तळ्यातले पाणी सोडण्यासाठी बांधातून नेलेल्या निकासाच्या नळाच्या बाहेरून, नळाला लागून, पाणी येऊ लागले आणि ते गढूळ होते. खाली बारीक मातीचा मुंगीच्या वारुळासारखा शंकू साचत होता. गढूळ पाणी म्हणजे पाझर बांधाची माती सोबत घेऊन निघाला आहे, आणि असा मार्ग आतल्या आत रुंदावत जातो. यावर कंत्राटदाराने तळ्यात बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची भुकटी, टाकण्याचा उपाय वेगळ्या बिलासह सुचवला. कोरड्या तळाच्या मातीत मिसळून दाबली तर उपयोगी पडणारी ही भुकटी त्याने भरल्या पाण्यावर फेकली. दोन दिवस पाणी दुधी झाले, एवढाच परिणाम झाला.

शेवटी आम्ही कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या एका अभियंत्याला बोलावले. त्याने नळाशेजारच्या फटीत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. नळ सैल मातीवर नुसता ठेवलेला होता. त्याभोवतीची माती हाताने ठोकून बसवलेली नव्हती, आणि नळालगत धावणारे पाणी अडवणाऱ्या आडव्या चकत्या किंवा गाळणीचा वाळूथर यांपैकी काहीही नव्हते. करारात हे दोन्ही लिहिलेले होते. पाणी ताबडतोब उतरवायला हवे, पण फार वेगानेही नाही, असे त्याने सांगितले, कारण पाणी झपाट्याने ओसरले तर भिजून जड झालेला आतला उतार घसरू शकतो. नळावर विश्वास उरला नसल्यामुळे माथ्यावरून सायफन लावून, पायथ्याशी पहारा ठेवून, आम्ही पातळी हळूहळू खाली आणली. घरटे पाण्याबरोबर खाली उतरत गेले आणि तेराव्या दिवशी चिखलावर टेकले. टिबुकली परत आली नाही. माझ्या बहिणीने त्यानंतर बरेच दिवस कंत्राटदाराचे नावही घरात घेऊ दिले नाही.

सांडव्याविषयी, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेविषयी, स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे. तो कडेच्या मूळ, न हललेल्या जमिनीत कोरायचा असतो. कठीण खोदकाम वाचवण्यासाठी आमचा सांडवा भरावातच काढला होता, आणि "मासे वाहून जाऊ नयेत" म्हणून त्यावर जाळी बसवून दिली होती. मासे त्याने भेट म्हणून सोडले होते. आम्हाला ते नकोच होते, कारण ते बेडकांची पिल्ले आणि चतुरांच्या अळ्या खातात. जाळीचे गांभीर्य मला नंतर वाचनातून कळले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क येथील मातीचे धरण एका खासगी क्लबच्या मालकीचे होते. त्याचे निकासाचे नळ आधीच्या मालकाने काढले होते आणि ते पुन्हा बसवले गेले नाहीत. क्लबने माथा थोडा उतरवला आणि मासे राखण्यासाठी सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्या काडीकचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०० हून अधिक माणसे मेली. आमच्या ओढ्याखाली वस्ती विरळ आहे, पण आहे.

बांध फोडला तेव्हा गाभ्यात कुजलेले गवत, फांद्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या निघाल्या. हे सारे आम्ही छायाचित्रांसह कळवले, तेव्हा कंत्राटदाराने उत्तर दिले की करारात ठरलेली उंची त्याने भरून दिली होती आणि प्रत्येक हप्त्यावर आमची सही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वकिलांच्या मते खोटा अहवाल हा आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि प्रकरण अजून चालू आहे.

नव्या करारात उंचीला एकही हप्ता नाही. चर उघडा असताना अभियंत्याने त्यात उतरून पाहणे, खाणीतली माती आमच्यासमोर तपासणे, नळ झाकण्यापूर्वी त्याभोवतीची दबाई दाखवणे आणि आम्ही निवडलेल्या माणसाने थरांची चाचणी घेणे, यांवर पैसे आहेत. दोन कंत्राटदार हे वाचून परत आलेच नाहीत.

जुना कंत्राटदार आमच्या भरलेल्या तळ्याचे छायाचित्र अजून गिऱ्हाइकांना दाखवतो, असे कळले. छायाचित्र सुंदर आहे, एका कोपऱ्यात टिबुकलीही दिसते. ते तळ्याच्या बाजूने काढलेले असल्यामुळे बांधाचा पायथा त्यात येत नाही.