शिशाला हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी लागत नाही हे माहीत असूनही मी ९५ डॉलर भरले

चार महिने झाले, बायको सोडून कुणाला बोललो नव्हतो. लाज वाटते हो. ११ वर्षं मी स्वतः शिसं वितळवून बुलेट ओततोय, इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या नेमबाजीच्या क्लबवर नवीन पोरं मला येऊन विचारतात की काका अलॉय (मिश्रधातू) काय घेऊ, आणि जुना मोल्ड, म्हणजे बुलेट ओतायचा साचा, विकतो म्हणणाऱ्या ठगाकडे माझेच ५०५ डॉलर गेले. पण गेल्या आठवड्यात कळलं की क्लबमधल्या अजून एकाला तसाच मेसेज आलाय, मग म्हटलं आता गप्प बसणं बरोबर नाही.

रायफल आहे विंचेस्टर ९४, १९०६ ची, अष्टकोनी नळी, ३८-५५ काडतुसाची. ज्यांच्याकडे ही काडतुसं आहेत त्यांना दुखणं माहीत असेल. आजकाल दुकानात मिळणारी बुलेट ०.३७७ इंचाची आणि जुन्या नळ्या त्याहून मोठ्या. माझ्या नळीत मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्याने ठोकत ठोकत आरपार काढला, त्याच्यावर खाचांचे ठसे इतके स्वच्छ आले होते की बोटाने मोजता येत होते, मायक्रोमीटर लावला तर ०.३८०. म्हणजे मला बुलेट हवी ०.३८१ किंवा ०.३८२ ची. बारीक बुलेट घातली की मागचा गॅस बाजूने निसटतो, शिसं नळीला चिकटतं आणि नेम कुठल्या कुठे जातो. ०.३७७ ने ५० यार्डावर माझा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, ७ इंचांचा, त्यात दोन भोकं चक्क आडवी, बुलेट कोलांट्या खात गेलेली. गनचा दोष नाही हो, तिला तिच्या मापाचं काही मिळतच नव्हतं.

त्या मापाचा मोल्ड नवीन बनवून घ्यायचा तर कित्येक महिने थांबा, आणि ऑक्टोबरमध्ये आमची लिव्हर-अ‍ॅक्शनची मॅच. म्हणून जुना मोल्ड हवाय अशी जाहिरात टाकली. ४० मिनिटांत मेसेज. माझ्याकडे आहे, २५५ ग्रेन, चपट्या नाकाचा (ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात म्हणून चपटंच हवं, टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीला, टेकतं आणि धक्क्याने ते उडू शकतं), वडील गेले, त्यांचं सामान विकतोय. निळ्या टॉवेलवर ठेवलेल्या मोल्डचा फोटो, कोपऱ्यात पांढरा मग. मोल्ड १६५, ओतलेल्या ५०० बुलेट १४२, ३० पौंड लायनोटाइप (छपाईच्या टाइपाचा शिशाचा कडक मिश्रधातू) ७५, पाठवणावळ २८. एकूण ४१०. महाग नाही, फार स्वस्तही नाही. त्यामुळेच फसलो, कवडीमोलाने दिलं असतं तर मी लगेच सावध झालो असतो.

आता जे सांगतो ते आठवलं की अजून रात्री झोप उडते. त्याने लिहिलं होतं बुलेटला गॅस चेक लावलाय. फोटो मोठा करून बघितला मी, बूड सपाट, तांब्याची वाटीच नाही. मला दिसलं! दिसलं आणि मीच मनात उत्तर तयार केलं की फोटो गॅस चेक लावायच्या आधीचा असेल. मी विचारलं की लायनोटाइप ओतल्यावर मोल्डमधून बुलेट किती मापाची पडते, तर म्हणे सगळे साइझ आहेत. अहो एका मोल्डमधून सगळे साइझ कसे पडतील? ज्याच्या वडलांनी आयुष्यभर बुलेट ओतल्या त्याला नसेल माहीत, असं म्हणून मी तेही सोडून दिलं, आणि बँकेच्या अ‍ॅपमधून ४१० पाठवले.

दोन दिवसांनी शिपिंग कंपनीच्या नावाने ईमेल. पार्सल अडकलंय, आत धोकादायक माल आहे, हॅझमॅटचे ९५ डॉलर भरा, डिलिव्हरीनंतर परत मिळतील. मंडळी, हॅझमॅट बंदुकीच्या पावडरला आणि प्रायमरला लागतं. नुसत्या शिशाला नाही. शिसं आपण सगळेच पोस्टाच्या फ्लॅट रेट डब्यातून मागवतो, ७० पौंडांपर्यंत. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय! पण तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो, दोन मीटिंगच्या मध्ये, ४१० आधीच गेलेले, डोक्यात एकच की ९५ साठी ते अडकू नयेत. भरले. संध्याकाळी गाडीत बसलो आणि एकदम लख्ख दिसलं. फोन केला, नंबर बंद. मोल्डचा फोटो इमेज सर्चला टाकला तर कुणाच्या तरी जुन्या, कधीच विकून झालेल्या जाहिरातीतला, तोच टॉवेल, तोच मग. हे काम मी पैसे पाठवायच्या आधी केलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. तुम्ही ते आधी करा.

मग बँक. ५० मिनिटं फोनवर धरून ठेवलं आणि शेवटी काय, तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे फ्रॉड नाही. अरे, फसवून पाठवायला लावले म्हणून तर फोन केलाय! कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता, म्हणून सांगतो, समोरचा कार्ड नको म्हणाला की तिथेच संपवा. नंतर टाउनशिप पोलीस. तिथला माणूस बुलेट हा शब्द ऐकूनच सरळ बसला, गन चोरीला गेली का, सीरियल नंबर काय. मी तीन वेळा सांगितलं की गन घरी आहे, शिसं आणि साचा गेलाय. तर म्हणे मग ही सिव्हिल मॅटर. खोटं नाव, खोटा फोटो, खोटी शिपिंग कंपनी, आणि सिव्हिल मॅटर! सरकारी साइटवर ऑनलाइन तक्रार भरली, सव्वा तास गेला, बदल्यात एक नंबर मिळाला, त्यानंतर एक अक्षर नाही. राज्याच्या ऑफिसातून सहा आठवड्यांनी पत्र आलं की तुमची तक्रार पुढे पाठवली आहे. पुढे म्हणजे कुठे ते लिहिलेलं नाही. ज्या बँकेत त्याचं खातं आहे त्यांना विचारलं तर ग्राहकाची माहिती देता येत नाही. चोराची प्रायव्हसी जपायला सगळे हजर, माझ्यासाठी कुणी नाही. रक्कम लहान आहे म्हणून कुणी हात लावत नाही, आणि तो रक्कम लहान ठेवतो ती ह्याचसाठी.

लायनोटाइप म्हणून खरंच काही पार्सल आलंच तरी थेट भांड्यात टाकू नका, जस्ताचे तुकडे मिसळलेले असले तर अख्खं भांडं वाया जातं. कमी आचेवर बघा, शिसं ३२७ डिग्री सेल्सिअसला वितळतं, जस्ताला ४१९ लागतात, न वितळता वर तरंगलं की काढून फेका. विकणाऱ्याकडून मायक्रोमीटरमध्ये धरलेल्या बुलेटचा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. चिडला तर चिडू दे. 'हवंय' अशी जाहिरात टाकून बसलात की असेच लोक शोधत येतात, त्यापेक्षा क्लबवर तोंडाने विचारा. मला शेवटी मोल्ड तसाच मिळाला, शेजारच्या काउंटीतल्या एका आजोबांनी वापरायला दिला, ०.३८२ च्या बुलेट पडतात, ५० यार्डावर पाच गोळ्या दोन इंचात. मॅच मात्र हुकली.

निळा टॉवेल आणि पांढरा मग असलेला फोटो कुणाला आला असेल तर पैसे थांबवा आणि मला कळवा, मी त्याचे सगळे मेसेज आणि दोन्ही ट्रान्सफरच्या पावत्या जपून ठेवल्यात.