सलालातलं हद्रमी मंदीचं हॉटेल: जेवण एक नंबर, आणि डिसेंबरात तिथे बसून कळलेलं येमेन

पहिले जेवणाचं सांगतो. ओमानमधल्या सलालात, अल सादा भागात, येमेनच्या हद्रमौत प्रांतातल्या मुकल्ला बंदराकडच्या एका हद्रमी चाचांचं हॉटेल आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली त्यांच्या घरच्या गोष्टी येणार आहेत आणि त्यांची माणसं अजून तिकडेच आहेत, चाचा म्हणाले लिही बिनधास्त पण बोर्डावरचं नाव नको. तसंही सलालात हद्रमी हॉटेलं भरपूर आहेत आणि ऑर्डरबद्दल मी जे सांगतोय ते बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

मटण मंदीच घ्यायची. जमिनीत पुरलेला तंदूर असतो, तळाला निखारे, त्यावर भाताचं मोठं पातेलं आणि वर जाळीवर मटण, झाकण ठेवून कडा बंद करतात आणि मग वरच्या मटणाचा रस भातात उतरत राहतो. हाडाला बोट लावलं की मटण सुटून येतं, खरंच. तांदूळ आपल्याकडचाच, भारतातून येणारा बासमती, लांब नि मोकळा. मसाला कमी असतो त्यामुळे आपल्या जिभेला पहिल्या घासाला जरा सौम्य वाटेल पण सोबत सहाविक देतात, टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर भरडून केलेली, अगदी आपल्या टोमॅटोच्या ठेच्यासारखी, ती दोन वाट्या मागून घ्या, जास्तीचे पैसे लावत नाहीत. जेवणाआधी मरग येतं, म्हणजे मटणाचं पातळ सूप, त्यात लिंबू पिळायचं. मुधबी पण छान, तापलेल्या दगडांवर भाजलेलं मटण, ती तर सलालाची खासियतच आहे, पण संध्याकाळीच खा, दुपारी तेवढी जमत नाही. दोघांचं पोटभर जेवण सात-आठ ओमानी रियालमध्ये होतं.

बसायची व्यवस्था खाली गालिच्यावर, मधे प्लास्टिकचा सुफरा अंथरतात आणि एकाच थाळीत सगळ्यांनी खायचं. फॅमिलीसाठी पडदे लावलेल्या खोल्या वेगळ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर टेबलं पण आहेत चारेक, दाराजवळ. टीव्ही कायम चालू असतो आणि कायम बातम्या, आणि 2025 च्या डिसेंबरात त्या बातम्यांमुळेच मी तिथे जेवणाच्या निमित्ताने तासन्‌तास बसून राहिलो.

मी मूळ परभणीचा. आमच्याकडे चाऊस मंडळी सगळ्यांच्या ओळखीची, परभणी, नांदेड, हिंगोली, औरंगाबाद सगळीकडे आहेत, निजामाच्या अरब फौजेतून आलेली घराणी. त्यातली कितीतरी मूळ हद्रमौतची. चाचांचे आजोबा हैदराबादेत जन्मलेले त्यामुळे चाचांना थोडी दखनी येते, पहिल्याच ओळखीत "तुम परभनी के? हमारे लोगां वहां बहुत" असं म्हणाले आणि मग बिलात चहा कधी धरला नाही. मुकल्लावर 1967 पर्यंत राज्य केलं त्या कुऐती सुलतानांचा मूळपुरुष पण हैदराबादेत निजामाकडे अरब फौजेचा जमादार होता, तिथे कमावलेल्या पैशावर त्यांनी हद्रमौतात किनाऱ्यालगतची गावं घेतली. आपल्या नागपूरच्या भोसल्यांकडे सुद्धा अरब पलटणी होत्या, 1817 च्या डिसेंबरात आप्पासाहेब इंग्रजांना शरण गेले तरी त्यांचे अरब शिपाई नागपूर शहर सोडेनात, लढत राहिले, आणि पुढच्या वर्षी मालेगावच्या किल्ल्यातही अरबच लढले. म्हणजे गरीब मुलखातल्या पोरांनी श्रीमंत दरबारासाठी बंदूक उचलायची हे हद्रमौतला नवीन नाही. फरक एवढाच की तेव्हा दरबार समुद्रापलीकडे होता, आता घराला लागून आहे. सौदीची सरहद्द हद्रमौतला भिडलेली आहे आणि क्षेत्रफळाने येमेनचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग म्हणजे एकटा हद्रमौत, तेलही तिथेच.

चाचांचे दोन पुतणे सख्खे भाऊ. थोरला हद्रमी एलिट फोर्समध्ये, ही फौज अमिरातीने उभी केली, ट्रेनिंग त्यांचं, गाड्या त्यांच्या, पगार त्यांचा. एप्रिल 2015 ला अल कायदाने मुकल्ला घेतलं होतं, वर्षभर बंदर त्यांच्या ताब्यात, ते एप्रिल 2016 मध्ये या पोरांनी आणि अमिरातीने मिळून सोडवलं, चाचा त्याबद्दल अमिरातीला आजही दुवा देतात आणि ते मनापासून असतं. धाकटा दिर अल वतनमध्ये, ही 2023 च्या जानेवारीत येमेनच्या राष्ट्राध्यक्षीय परिषदेच्या (तिकडचं अधिकृत सरकार हीच चालवते) प्रमुखांच्या हुकमाने जाहीर झालेली फौज, पैसा सौदीचा. तेव्हा दोघांचाही पगार सौदी रियालमध्ये पण देणारे वेगळे, आणि कागदोपत्री दोघं एकाच सरकारचे, उत्तर येमेन ताब्यात ठेवलेल्या हूथी बंडखोरांविरुद्धच्या एकाच सौदी-अमिराती युतीचे सैनिक. शेजारचा एक पोरगा साध्या सरकारी सैन्यात आहे, त्याला चाचांच्या सांगण्यानुसार महिन्याला 60,000 येमेनी रियाल, तेही कधी मिळाले तर. आता हिशोब करा. एडनच्या, म्हणजे सरकारचा तळ असलेल्या दक्षिणेतल्या बंदराच्या बाजारात युद्धाआधी डॉलर साधारण 215 रियालला होता, 2025 च्या जुलैत तो 2,800 च्या वर गेला आणि मग ऑगस्टमध्ये 1,600 च्या आसपास आला. म्हणजे बरा काळ धरला तरी महिन्याला चाळीस डॉलर होत नाहीत. सरकारकडे पैसा येणार कुठून, ऑक्टोबर 2022 मध्ये हूथींनी हद्रमौतातल्या अल धब्बा तेल बंदरावर ड्रोन टाकले तेव्हापासून तेलाची निर्यात बंद पडली.

मला हे सगळं पेपरात वाचून कधीच नीट कळलं नव्हतं. 26 मार्च 2015 ला सौदीने येमेनमध्ये हूथींवर हल्ले सुरू केले, अमिराती, बहरीन, कुवेत, कतार, इजिप्त, सुदान असे बरेच देश सोबत होते, आखाती देशांतला एकटा ओमान बाहेर राहिला (म्हणून तर सलालात हे लोक निवांत हॉटेल चालवू शकतात), पाकिस्तानकडे सैन्य मागितलं तर त्यांच्या संसदेने एप्रिल 2015 मध्ये तटस्थ राहायचा ठराव केला. आपण वाचतो सौदीची युती विरुद्ध हूथी, आणि वाटतं दोन बाजू आहेत. तिथे बसल्यावर कळतं की युतीच्या आत प्रत्येक दात्याची आपापली फौज आहे. अमिरातीला बंदरं आणि दक्षिण येमेन हवा, सौदीला सरहद्द शांत हवी आणि एकसंध येमेनचं सरकार हवं, आणि ज्या येमेनच्या नावाने हे सगळं चाललंय त्याला कोणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की या श्रीमंत देशांची युती येमेनशी कधी झालीच नाही, ती पगाराच्या याद्यांशी झाली. ज्याच्या यादीत नाव त्याचा हुकूम. मग दोन दात्यांचं बिनसलं की एकाच घरातली दोन पोरं समोरासमोर.

आणि बिनसणं काही डिसेंबरात अचानक झालं नाही. 2017 ला अमिरातीच्या पाठिंब्याने दक्षिण येमेन वेगळा हवा म्हणणारी दक्षिणी परिषद, एसटीसी, उभी राहिली. ऑगस्ट 2019 मध्ये तिने एडन सरकारकडून हिसकावलं, सरकारी सैन्य परत यायला लागलं तर त्याच्यावर अमिरातीची विमानं बॉम्ब टाकून गेली. युतीतला भागीदार, ज्या सरकारला वाचवायला आलोय म्हणतो त्याच सरकारच्या सैनिकांवर! नोव्हेंबर 2019 ला सरकार आणि एसटीसीमध्ये रियाध करार झाला, 2022 ला आठ जणांची ती राष्ट्राध्यक्षीय परिषद केली आणि एसटीसीच्या प्रमुखालाही त्यात बसवलं. चाचा म्हणतात तेव्हाच आम्हाला माहीत होतं, एका सुफऱ्यावर बसवलं म्हणून थाळी एक होत नाही.

तर 2025 च्या डिसेंबराच्या सुरुवातीला एसटीसीच्या फौजा हद्रमौतात शिरल्या, सैऊन शहर घेतलं, तेलाची ठिकाणं घेतली, मग माहरा प्रांत, म्हणजे ओमानच्या सरहद्दीपर्यंत. हॉटेलात मध मिळायचा बंद झाला तो तेव्हाच. हा दोआन खोऱ्यातला बोरीच्या झाडांचा मध असतो, घट्ट, गडद, जगात नावाजलेला, तो माहरामार्गे शहनच्या नाक्यावरून ट्रकने येतो, तर ट्रकवालेच निघेनात. चाचा रोज संध्याकाळी दोन्ही पुतण्यांना फोन लावायचे. थोरल्याला सांगायचे धाकट्याच्या युनिटचं ठिकाण मला विचारू नकोस, धाकट्यालाही तेच. मी समोर बसलेलो असायचो. आधी थोरला, मग धाकटा, मग त्यांच्या आईला, आणि आईला मात्र दोघं एकत्रच आहेत असं सांगायचे. आजूबाजूला जेवणारी माणसं त्या वेळी आवाज बारीक करायची, कारण निम्म्यांच्या घरी तीच गत.

30 डिसेंबरला सौदीने मुकल्ला बंदरावर बॉम्ब टाकले, फुजैराहून आलेली शस्त्रं तिथे उतरवली असं त्यांचं म्हणणं. फुजैरा म्हणजे अमिराती. त्याच दिवशी परिषदेच्या प्रमुखांनी अमिरातीसोबतचा संरक्षण करार रद्द केला आणि 24 तासांत सैन्य काढा म्हणून सांगितलं, अमिरातीनेही उरलेलं सैन्य काढतो म्हणून जाहीर केलं. जानेवारीत सौदीच्या जोरावर सरकारी फौजांनी हद्रमौत परत घेतला आणि 9 तारखेला रियाधमधून एसटीसी बरखास्त झाल्याची घोषणा झाली. दहा वर्षांची भागीदारी दहा दिवसांत संपली. ज्या बंदरासाठी थोरल्याने 2016 ला जीव धोक्यात घातला त्याच बंदरावर, त्याच युतीच्या दुसऱ्या मालकाने बॉम्ब टाकला. चाचांनी त्या दिवशी हॉटेल बंद ठेवलं नाही, पण गल्ल्यावर स्वतः बसले नाहीत.

श्रीमंत बाजूने काही सोसलंच नाही असं मी म्हणणार नाही. 4 सप्टेंबर 2015 ला मारिबमध्ये हूथींच्या एका क्षेपणास्त्राने पन्नासहून जास्त अमिराती सैनिक मेले, एवढ्या छोट्या देशाला तो फार मोठा घाव होता. पण त्यानंतरच जमिनीवरची लढाई जास्तीत जास्त दुसऱ्यांच्या पोरांवर ढकलली गेली असं मला वाटतं. सुदानचं बघा. सुदानचे पंतप्रधान हमदोक यांनी डिसेंबर 2019 मध्ये सांगितलं की येमेनमधले आपले सैनिक 15,000 वरून 5,000 वर आणलेत. पंधरा हजार! स्वतःच्या देशात अन्नाची मारामार आणि पोरं दुसऱ्याच्या युद्धात, पगार रियाधचा किंवा अबू धाबीचा. त्यातली बरीच हेमेदती नावाच्या सेनानीच्या आरएसएफ या निमलष्करी फौजेची होती आणि 2023 पासून त्याच आरएसएफने सुदानची काय अवस्था केली ते आपण बघतोच आहोत. परक्या युद्धावर पोसलेली फौज घरी परत येते तेव्हा ती कोणाचं ऐकणार?

पुतण्यांचं विचाराल तर दोघंही सुखरूप आहेत. पगार आता सौदी देणार असं ठरल्यामुळे थोरल्याचं नाव नव्या यादीत चढवायला दिलंय, मधले काही महिने त्याला काहीच मिळालं नाही. त्याचं घर या काळात चाललं ते सलालातल्या या हॉटेलातून जाणाऱ्या पैशावर, बाकी कशावर नाही.

मध आता पुन्हा मिळतोय. बिंत अल सहन नक्की मागवा, पातळ पापुद्र्यांची गरम पोळी आणि वरून तूप नि तो मध, चार जणांत एक पुरते, पण वीस-पंचवीस मिनिटं लागतात म्हणून मंदीसोबतच सांगून ठेवा. एडनी चहा पण मागा, वेलची घातलेला दुधाचा. शुक्रवारी नमाजानंतर तोबा गर्दी असते, मंदी दोनच्या आत संपते, त्यामुळे बारापर्यंत फोन करून बाजूला काढून ठेवायला सांगा. खरीफच्या सीझनमध्ये, जून ते सप्टेंबर, पार्किंग मिळणं अवघड, मागच्या गल्लीत लावा. पडद्याच्या खोल्यांमध्ये पंखे कमी पडतात हे एक उणं आहे, चाचांना सांगितलंय.

आणि टीप द्यायची असेल तर बिलात टाकू नका, वाढणाऱ्या पोरांच्या हातात द्या. त्यातला जो सगळ्यात लहान दिसतो, मरगच्या वाट्या आणतो तो, त्याचा भाऊ सरकारी सैन्यात आहे, त्या 60,000 वाला.