‘तुमच्या वजनाला चालेल’ म्हणून विकलेली सायकल

वजन जास्त आहे आणि पहिल्यांदाच सायकल घ्यायची आहे, अशा प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मला विकलेली सायकल माझ्या वजनासाठी नव्हतीच, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. रागाच्या भरात म्हणत नाही, पुरावा सायकलीवरच चिकटवलेला होता.

दुकानात गेल्यावर सर्वात आधी मी वजन सांगितलं, ११२ किलो. उंची सांगितली, लहानपणानंतर सायकलला हात लावलेला नाही हेही सांगितलं. विक्रेत्याने लगेच एक सायकल पुढे काढली. “मॅडम, ही हेवी ड्यूटी आहे. १३० किलोपर्यंत बिनधास्त चालवा.” सीटखालच्या नळीवर तसं मोठं, चकचकीत स्टिकरही होतं. मागच्या चाकावर जास्त ताण येतो, तेव्हा थोडे जादा पैसे भरून मजबूत चाकं बसवून घ्या, असंही त्याने सुचवलं. ३६ स्पोक (चाकाच्या तारा), जाड तार, डबल वॉल म्हणजे दुहेरी भिंतीचा रिम. ऐकताना कुठेच काही खटकलं नाही, कारण हा सल्ला खरोखरच योग्य आहे. मी पैसे भरले, पण घरी आली ती सायकलीची मूळचीच साधी चाकं. हे मला नंतर कळलं.

थोड्याच दिवसांत मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. एक स्पोक तुटला होता आणि चाक इतकं आउट झालं होतं की रिम दर फेरीला ब्रेकला घासत होता. दुकानाने स्पोक बदलून दिला. पुढच्या आठवड्यात दुसरा तुटला, मग तिसरा. चौथ्या वेळी विक्रेत्याचा आवाजच बदललेला होता. “मॅडम, वजनाचं बघा ना तुम्ही. कंपनीची मर्यादा ओलांडली की वॉरंटी लागू होत नाही.” विकताना १३० किलो चालणारी सायकल दुरुस्तीच्या वेळी अचानक चालेनाशी झाली.

मर्यादा नेमकी किती, हे तो सांगेना. सायकलीसोबत येणारी पुस्तिका मला दिलीच नव्हती. मग मी सायकल एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी चाक काढून मांडीवर घेतलं आणि शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक बोटांच्या चिमटीत दाबत पूर्ण फेरी केली. काही स्पोक ताठ होते, काही दोरीसारखे लुळे. “ताई, तार ताणाने तुटत नाही, ढिलाईने तुटते,” ते म्हणाले. चाक फिरताना जो स्पोक खाली येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो. मुळातच ढिला असेल तर तो पूर्ण सैल पडतो आणि वर जाताना परत ताणला जातो. दर फेरीला हे होत राहतं आणि चाकाच्या मधल्या हबच्या भोकातून जिथे तार वळते, तिथेच ती थकून तुटते. माझे सगळे स्पोक तिथेच तुटले होते, बहुतेक गिअरच्या बाजूचे.

त्यांनी टायर उतरवून रिमवरची पट्टी बाजूला केली. डबल वॉल रिममध्ये दोन भिंतींच्या मध्ये पोकळी असते आणि स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या निपलची डोकी त्या पोकळीत खोल बसलेली दिसतात. माझ्या रिममध्ये ती पट्टीखाली थेट उघडी होती, म्हणजे एकाच भिंतीचा साधा रिम. स्पोकही ३६ नव्हते, ३२ होते. मोजायला काहीच कठीण नाही: व्हॉल्व्हपासून सुरुवात करा आणि परत व्हॉल्व्हपाशी या. तारेची जाडीही त्यांनी मापली. २ मिलिमीटरची तार साधारण चांगली समजली जाते, वजनदार माणसासाठी वळणापाशी २.३ मिलिमीटरची मिळते. माझी १.८ ची होती.

मग त्यांनी दाखवलेली गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती कोणताही विक्रेता आपणहून सांगत नाही. मागच्या गिअरचा गठ्ठा हबला दोन पद्धतींनी जोडलेला असतो. स्वस्त सायकलींत फ्रीव्हील असतो, म्हणजे फिरणारी यंत्रणा त्या गठ्ठ्यातच असते आणि तो हबवर आट्यांनी घट्ट केलेला असतो. या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, फ्रेमपासून बरेच लांब राहतात. मधला ॲक्सल, म्हणजे चाकाचा आडवा दांडा, तेवढ्या भागात आधाराशिवाय उरतो, आणि सात गिअरचा जाड गठ्ठा असेल तर तो आणखीच लांब. मोठ्या वजनाखाली असा ॲक्सल वाकतो, कधी मोडतोही. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे कॅसेट हबमध्ये, फिरणारी यंत्रणा हबमध्येच असते आणि छर्रे जवळजवळ फ्रेमपर्यंत बाहेर सरकलेले असतात, त्यामुळे ॲक्सलला आधार मिळतो. माझा ॲक्सल बाहेर काढून त्यांनी सपाट काचेवर घरंगळवला. तो सरळ न जाता लंगडत गेला.

घरी आल्यावर मी ते चकचकीत स्टिकर नखाने सोलायला घेतलं. कडा उचलल्यावर खाली आणखी एक कागद दिसला. छोट्या करड्या अक्षरांत उत्पादकाचं मूळ लेबल होतं: कमाल एकूण भार १०० किलो. एकूण म्हणजे सायकल, स्वार आणि सामान मिळून. माझी सायकल १६ किलोची आहे, म्हणजे बसणाऱ्यासाठी उरले ८४ किलो, आणि तेही पाठीवर पिशवी नसेल तर. हा आकडा त्या दुकानाने वाचला, त्यावर स्वतः छापून घेतलेलं स्टिकर लावलं आणि मला सायकल विकली. स्पोक तुटले ही बारीक गोष्ट आहे. उतारावर ॲक्सल मोडला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

खरेदीच्या आधी मी दुकानाला मेसेज करून विचारलं होतं आणि ‘१३० पर्यंत आरामात’ असं लेखी उत्तर आलं होतं. तो मेसेज, दोन्ही लेबलांचे फोटो आणि उत्पादकाकडून मागवलेली पुस्तिका एकत्र समोर ठेवली, तेव्हा चाकांचे जादा पैसे परत मिळाले. सायकलीचे मिळाले नाहीत.

या फसवणुकीचा पाया आपला संकोच आहे. वजनाचा विषय निघाला की आपल्याला लवकर संपवायचा असतो, आणि ‘तुमच्यासाठी एकदम योग्य’ ऐकलं की सुटल्यासारखं वाटतं. विक्रेत्याला हे नेमकं ठाऊक असतं. म्हणून वजन किलोत, स्पष्ट आवाजात सांगा आणि बिलावर तोच आकडा लिहून मागा: अमुक किलोच्या स्वारासाठी विकलेली सायकल. लिहायला नकार दिला तर तिथून निघा. उत्पादकाची पुस्तिका पैसे देण्याआधी उघडा आणि त्यातला आकडा एकूण भाराचा आहे की फक्त स्वाराचा, ते वाचा. एकूण भाराची १२० ते १३६ किलोची मर्यादा असलेल्या सायकली सहज मिळतात, त्याहून जास्तीच्याही असतात.

माझ्या गळ्यात मारलेल्या आणखी दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे पुढचे शॉकर. ‘वजन जास्त तर शॉकर हवेतच’ हे धादांत चूक आहे. स्वस्त फोर्कमधली (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांतली) स्प्रिंग सरासरी वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते आणि बदलता येत नाही. मी नुसती बसले तरी ती निम्म्याहून जास्त खाली जायची, आणि खड्ड्यात तळाला आदळायची. हवेवर चालणाऱ्या फोर्कमध्ये दाब वाढवता येतो, पण ते महाग पडतात. नवशिक्याला साधा सरळ फोर्क आणि रुंद टायर पुरे. टायरच्या बाजूला ४७-६२२ असा आकडा असतो, त्यातला पहिला भाग मिलिमीटरमध्ये रुंदी सांगतो. ४० च्या पुढचा टायर घ्या. अरुंद टायरमध्ये जड माणसाची ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे मऊ, रुंद जेलची सीट. दुकानात ती गादीसारखी वाटते, पण तासाभराने हाडं गादीत रुततात आणि नको तिथे दाब येतो. सीट बसण्याच्या हाडांच्या रुंदीवर ठरते, वजनावर नाही. फ्रेमचंही तसंच. ‘माणूस मोठा तर फ्रेम मोठी’ असं म्हणून पडून असलेला माल खपवतात. फ्रेमचं माप उंची आणि पायांच्या लांबीवर घ्यायचं.

आता मी ३६ स्पोक, कॅसेट हब, डबल वॉल रिम, साधा स्टीलचा फोर्क आणि पुढे-मागे डिस्क ब्रेक अशी सायकल चालवते. डिस्क मुद्दाम घेतले, कारण जड माणूस उतारावर थांबवायला जास्त ताकद लागते आणि चाक जरा आउट झालं तरी डिस्कला फरक पडत नाही. मागे जास्त दात्यांचा मोठा गिअर आहे, त्यामुळे चढावर गुडघ्यांवर ताण येत नाही. नवं चाक सुरुवातीला बसतं आणि ढिलं पडतं, म्हणून सुरुवातीला काही वेळा सायकल चालवल्यावर सगळे स्पोक पुन्हा ताणून घेतले. यात एकदाही स्पोक तुटलेला नाही.

अशी सायकल तुमच्याकडे आधीच आली असेल आणि एकामागून एक स्पोक तुटत असतील, तर एकेक बदलत बसू नका. बाकीचेही तितकेच थकलेले असतात. मागचं चाक जाणत्या माणसाकडून नव्या तारा घालून बांधून घ्या, ॲक्सल काढून बघायला सांगा, आणि तोवर ती सायकल उतारावर नेऊ नका. फ्रेमवर ‘हेवी ड्यूटी’चं स्टिकर असेल तर सोलण्याआधी त्याचा फोटो काढा, मग खाली काय आहे ते बघा.