देव आणि नैसर्गिक निवड: दोन्ही मानायचं तर वाट कोणती?

देव सोडायचा नाही आणि डार्विनही नाकारायचा नाही, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. दशावतारांत उत्क्रांती पाहणं ही चौथी वाट मी धरत नाही. मत्स्य, कूर्म, वराह ही शिडी झाली. उत्क्रांती झाडासारखी फुटत जाते, आणि डुक्कर काही कासवापासून झालेलं नाही.

पहिली वाट अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांची, 1996 पासून गाजलेली. काही रचनांतला एक भाग काढला तरी सगळंच ठप्प होतं, म्हणून तिथे देवाचा हात असणार, असं ती सांगते. ठरलेला दाखला जिवाणूच्या कशाभिकेचा, म्हणजे पोहण्यासाठीच्या शेपटीचा. पण तिच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांसारखीच दहाएक प्रथिनं काही रोगजंतूंच्या विष टोचणाऱ्या सुईत सापडतात, आणि तिथे शेपटीवाचून काहीच अडत नाही. 2005 साली अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात (शाळेत बीहींसारखी मांडणी शिकवण्यावरून झालेल्या) हे मांडणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. या वाटेवर देवाला आपल्या अज्ञानाच्या फटीत राहावं लागतं आणि फट बुजली की त्याला तिथून उठावं लागतं. भाविकाला हे कसं रुचतं, मला कळत नाही.

दुसरी वाट आसा ग्रे यांची. हार्वर्डचे हे वनस्पतिशास्त्रज्ञ डार्विनचे अमेरिकेतले पाठीराखे आणि तितकेच धर्मनिष्ठ. निवड निसर्ग करतो, पण निवडीपुढे येणारे बदल देव हितकर दिशेनं वळवतो, असं त्यांनी 1860 मध्ये सुचवलं. डार्विनचं उत्तर 1868 चं: कड्यावरून पडलेल्या दगडांतून गवंडी हवे ते वेचून घर बांधतो, म्हणून काही ते दगड त्या घरासाठी फुटले असं होत नाही.

ग्रे यांची वाट मनाला सगळ्यात जवळची वाटते. ती सुटते सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारापाशी. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी डीएनएचं ‘ए’ हे अक्षर जाऊन ‘टी’ येतं, जीएजीचं जीटीजी होतं, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. बदललेली प्रत एकच असेल तर गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, म्हणून निवडीनं ती टिकवली. दोन्ही प्रती तशा असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं असह्य दुखतात. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी पाड्यांना हे सांगावं लागत नाही. बदल वळवणारा देव मानला, तर हे एक अक्षरही त्यानंच वळवलं असं म्हणावं लागतं. मलेरियापासून वाचलेल्यांचं श्रेय त्याला दिलं, तर या लेकरांचं दुखणंही त्याच्याच खात्यावर पडतं.

तिसरी वाट चार्ल्स किंग्जली या पाद्रींची. स्वतःच विकसत जातील असे आद्य जीव देवानं घडवले, ही कल्पनाही तितकीच उदात्त आहे, असं त्यांनी नोव्हेंबर 1859 मध्ये डार्विनला कळवलं. डार्विननं ते ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत नाव न घेता घातलं. इथे देव नियमांचा आधार आहे, एकेका अक्षराचा लेखनिक नव्हे. नैसर्गिक निवडीला गणिती पाया देणारे रोनाल्ड फिशर अँग्लिकन होते. उत्क्रांतीचे अभ्यासक थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी 1973 च्या निबंधात देवाची निर्मिती आणि उत्क्रांती दोन्ही मानत असल्याचं लिहिलं.

या वाटेचीही किंमत आहे. नवसाला पावणारा देव इथे जरा लांब जातो, आणि इतके महाग नियम का निवडले हा प्रश्न उरतोच. ज्यांची श्रद्धा रोजच्या संकटात धावून येणाऱ्या देवावर उभी आहे, त्यांना ती कदाचित कोरडी वाटेल. तरी माझा कल तिकडेच आहे.

कारण सिकलसेलच्या समुपदेशनाच्या खोलीत फरक पडतो. सोल्युबिलिटी या साध्या रक्तचाचणीत द्रावण गढूळ झालं की दोष आहे एवढंच कळतं. वाहक (बदललेली एकच प्रत असलेला) की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीनं ठरतं. आईबाप दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक 50, निरोगी 25. पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही. “आमचं काय चुकलं?” असं ते विचारतात तेव्हा तिसऱ्या वाटेवरचा भाविक “काहीच नाही” असं सांगू शकतो, आणि त्यासाठी त्याला देव बाजूला ठेवावा लागत नाही.