नुसती नस मोकळी करायची, की स्क्रूही टाकायचे?

कंबरेतला एल४-एल५चा (चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जोडीतला) मणका थोडा सरकलाय, नस दबलीय, दहा मिनिटं चाललं की पाय भरून येतात, बसलं की उतरतं. इथवर आलेल्या माणसापुढे सर्जन दोन पर्याय ठेवतात: नुसती नस मोकळी करायची (डिकंप्रेशन), नाहीतर सोबत स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायचे (फ्यूजन). 2019 मध्ये मी पहिला घेतला. चार वर्षं आधी दादाने दुसरा घेतला होता.

पायाचं दुखणं आम्हा दोघांचंही गेलं. माझी झोप उडवली होती ती एकाच प्रश्नाने: पुन्हा टेबलावर जावं लागलं तर?

आकडे पाहिले, पण त्यांनी सरळ कौल दिला नाही. 2016 मध्ये दोन अभ्यास एकदमच आले. स्वीडनमध्ये 247 रुग्ण होते. सरासरी साडेसहा वर्षांत दोन्ही गटांत पाचातल्या साधारण एकाला पुन्हा ऑपरेशन लागलं. अमेरिकेत रुग्ण जेमतेम 66, पण तिथे चार वर्षांत नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी 34 टक्के पुन्हा टेबलावर गेले आणि जोडलेल्यांपैकी 14 टक्के. माझ्या ऑपरेशननंतर, 2021 मध्ये, नॉर्वेचा अभ्यास आला. त्यात मणका सरकलेलेच 267 रुग्ण होते आणि दोन वर्षांतलं प्रमाण अनुक्रमे 12.5 आणि 9.1 टक्के. म्हणजे नुसत्या आकड्यांनी पारडं थोडं फ्यूजनकडे झुकतं, हे मान्यच करायला हवं.

पण दुसरं ऑपरेशन कशासाठी लागतं, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. नस मोकळी केल्यावर तोच मणका आणखी सरकला, तर तिथे स्क्रू टाकता येतात. तो रस्ता शिल्लक असतो. जोडलेल्या पाठीत मात्र कधी हाड धरत नाही (मणके एकजीव होत नाहीत), कधी स्क्रू ढिला होतो, तर कधी ताण वरच्या मणक्यावर जातो. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यात 1990च्या दशकातल्या रुग्णांची 11 वर्षांची नोंद तपासली होती. फ्यूजननंतरच्या दुसऱ्या ऑपरेशनांपैकी 62.5 टक्क्यांचा संबंध हाड न धरण्याशी किंवा बसवलेल्या धातूच्या तक्रारींशी होता. स्क्रू आता बरेच सुधारलेत, त्यामुळे तो आकडा आजच्याला जसाच्या तसा लावू नये.

माझा निर्णय खरं तर एका एमआरआयने झाला. त्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी दादाची मांडी पुन्हा दुखू लागली. फिल्म हातात आली तर नेमक्या हव्या त्या जागी स्क्रूंभोवती काळी भगदाडं. धातूमुळे चित्र बिघडतं. टायटॅनियममुळे कमी बिघडतं म्हणतात, पण दादाचे टायटॅनियमचेच होते. रिपोर्टात 'नीट मूल्यमापन शक्य नाही' असं लिहिलेलं. मग सीटी, मग पाठीत सुई घालून डाय सोडून पुन्हा सीटी. दोन डॉक्टर, दोन मतं. दुखणं वरच्या मणक्याचं आहे हे कळेपर्यंत पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत दादा रात्री बैठकीच्या खोलीत खुर्चीतच झोपायचा आणि मी समोर बसून राहायचो. नंतरच्या ऑपरेशनपेक्षा ते दिवस वाईट होते.

2022 मध्ये माझीही कंबर धरली तेव्हा एका एमआरआयमध्ये सगळं स्वच्छ दिसलं. मणक्यांमधल्या गादीचा लहानसा फुगवटा होता. सहा आठवड्यांच्या व्यायामाने भागलं.

एका घरातल्या दोन पाठींवरून नियम निघत नाही. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका ठळक हलत असेल, किंवा नस मोकळी करताना सांध्याचं बरंच हाड काढावं लागणार असेल, तर स्क्रूंना नाही म्हणू नका. माझा हलत नव्हता. तो एक्स-रे काढायचाच राहिला असेल, तर तारीख ठरवण्याआधी मागून घ्या. मणका हलत नसतानाही स्क्रू सुचवले, तर कशासाठी ते सर्जनना नीट विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत सही थांबवा.