सौरवादळापासून संरक्षण: नाशिकच्या कारखानदाराने पैसा कशावर घालावा?

सातपूर, अंबड, सिन्नरमध्ये ज्यांचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे किंवा पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात ज्यांचं द्राक्षांचं शीतगृह आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश टिपला गेला. असं वादळ आपली वीज घालवेल का, आणि घालवणार असेल तर त्यावर खर्च किती करायचा, हा प्रश्न रास्त आहे.

सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोट पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवतो. क्षेत्र वेगाने बदललं की जमिनीत विद्युतदाब तयार होतो. शेकडो किलोमीटर लांब आणि दोन्ही टोकांना अर्थ केलेल्या लाइनमधून मग जवळजवळ डीसी (एकाच दिशेने वाहणारा) असा प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून, म्हणजे तिन्ही फेजच्या जमिनीला जोडलेल्या सामाईक टोकातून, आत शिरतो. एसीसाठी बनवलेला गाभा त्यामुळे दर सायकलच्या एका अर्ध्या भागात संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही. ट्रान्सफॉर्मर तापतो, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) वाढतात आणि ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी पण दाब टिकवायला लागणारी शक्ती, ओढली जाते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट वाचा. ३३ किंवा ११ केव्हीवर जोडलेल्या बहुतेक कारखान्यांत डीवायएन-११ (नेमप्लेटवर Dyn11) या जोडणीचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची उच्चदाबाची बाजू डेल्टा (त्रिकोणी जोडणीची) असते, तिला न्यूट्रलच नसतो. ग्रिडकडून हा डीसी प्रवाह आत यायला तिथे वाटच नाही. अशा ग्राहकाला कोणी ‘सौरवादळ संरक्षक’ विकू पाहत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा. तोच पैसा लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेचा दाब जमिनीत उतरवणारं उपकरण) आणि चांगल्या अर्थिंगवर घालावा. मृगाच्या विजा दरवर्षी येतात. १३२ केव्हीवर जोडणी आणि अर्थ केलेला स्टार न्यूट्रल (तिन्ही वाइंडिंग एका बिंदूत जोडलेली, तो बिंदू जमिनीला) असलेल्या मोठ्या ग्राहकांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये कपॅसिटर बसवून डीसी अडवणं. तत्त्व चोख आहे: कपॅसिटर एसी जाऊ देतो, डीसी थांबवतो. पण न्यूट्रलचं अर्थिंग ही फॉल्टच्या वेळची जीवनदोरी आहे. लाइन जमिनीला लागली, तर तो कपॅसिटर क्षणार्धात बायपास व्हावा लागतो. ती व्यवस्था महाग आहे, तिची देखभाल आणि चाचणी सतत करावी लागते आणि वीज कंपनीच्या संमतीशिवाय न्यूट्रलला हात लावता येत नाही. शिवाय एका ठिकाणी अडवलेला प्रवाह शेजारच्या ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये (ज्यात दोन्ही दाबांना एकच सामाईक वाइंडिंग असतं) तर न्यूट्रल अडवूनही सीरीज वाइंडिंगची वाट उघडीच राहते, आणि ४००/२२० केव्हीच्या उपकेंद्रांत बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मरच असतात.

दुसरा रस्ता हा डीसी प्रवाह मोजण्याचा आणि रिले (बिघाड ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण) तपासण्याचा. प्रवाह मोजणारा साधा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) डीसी दाखवत नाही. न्यूट्रलवर डीसीही मोजू शकणारा हॉल-इफेक्ट सेन्सर लावावा लागतो. कपॅसिटर आणि बायपासच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. माझं मत ठामपणे या बाजूने आहे आणि त्याचं कारण कॅनडात आहे. १३ मार्च १९८९ च्या पहाटे क्यूबेक प्रांताचं ग्रिड सुमारे ९० सेकंदांत कोसळलं. ६० लाख लोक जवळपास ९ तास अंधारात राहिले. ते ग्रिड पडलं ते ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे नव्हे. हार्मोनिक्समुळे संरक्षण यंत्रणेने ७ स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर (ग्रिडचा दाब सांभाळणारी उपकरणं) एकामागून एक बंद केले, दाब सांभाळणारं कोणी उरलं नाही, आणि उत्तरेकडच्या जेम्स बे जलविद्युत केंद्रांकडून येणाऱ्या ७३५ केव्हीच्या लाइन सुटल्या, म्हणजे आपोआप बंद (ट्रिप) झाल्या. पुढे तिथे ट्रिपच्या सेटिंग बदलल्या आणि लाइनच्या मार्गातच डीसी अडवणारे सीरीज कपॅसिटर बसवले. तुमच्या कारखान्यात कपॅसिटर बँक किंवा हार्मोनिक फिल्टर असेल, तर त्यांची रिले अशा हार्मोनिक्सवर विनाकारण सुटेल का, हे टेस्टिंग इंजिनिअरकडून तपासून घ्या.

‘क्यूबेक उत्तरेला, आपण २० अंश अक्षांशावर, इथे काय व्हायचं?’ असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरं आहे. वादळाचा मुख्य मारा ध्रुवांकडे असतो. तरी कुलाब्याची नोंद विसरू नये. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) घसरला होता. नाशिकपासून इतक्या जवळ हाताने घेतलेली ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. तेव्हा आपल्याकडे ग्रिड नव्हतं. आता ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिणही जोडली गेली आणि सगळा देश एकाच ग्रिडवर आला. ७६५ केव्हीच्या लांब लाइन आणि त्यांचे सिंगल-फेज ट्रान्सफॉर्मर या प्रवाहाला जास्त संवेदनशील असतात. तीन पायांच्या गाभ्याचा थ्री-फेज ट्रान्सफॉर्मर त्यामानाने तग धरतो. म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर शाबूत राहूनही दूरच्या बिघाडाने वीज जाऊ शकते.

इशाऱ्याचं काय? सूर्यावरून निघालेला लोट साधारण १ ते ३ दिवसांत पोहोचतो, पण त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे का (तशी असेल तर वादळ तीव्र होतं), हे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशीच कळतं. आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. तिथून हातात उरतात १५ ते ६० मिनिटं. ग्रिड चालवणाऱ्यांना ती पुरू शकतात: न्यूझीलंडने मे २०२४ मध्ये खबरदारी म्हणून काही लाइन आधीच बंद ठेवल्या आणि पुरवठा टिकला. कारखान्याला एवढ्या वेळात भट्टी किंवा लांबलचक बॅच सुरू न करणं जमतं. त्यासाठी जी-४, जी-५ पातळीचा (जी-१ ते जी-५ या मापनातला सर्वात तीव्र वादळांचा) इशारा पाहण्याची जबाबदारी शिफ्टच्या एका माणसावर द्यावी, खर्च शून्य.

शीतगृहाचा निवड-प्रश्न सरळ बॅकअपचा आहे. छतावरचं साधं ऑन-ग्रिड सोलर ग्रिड गेलं की आपोआप बंद होतं, भर दुपारीसुद्धा, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी महाग पडतात, पण दिवसा चालू राहतात. कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा करंट झेपेल अशी बॅटरी घेणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणून मी डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि टाकीत डिझेलचा साठा हीच पहिली निवड म्हणेन, सोबत कंट्रोल पॅनेल आणि तापमान-नोंदीपुरती लहान बॅटरी. डीजी घेताना पुरवठादाराला कॉम्प्रेसरचा चालू करंट नव्हे, सुरुवातीचा करंट सांगा, आणि पूर्ण लोडवर तासाला किती डिझेल लागतं ते लेखी घ्या. टाकी त्यावरून ठरवा.